दहाव्या बाईची मापं

४ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आमच्या बाइंडिंगखान्यात सगळं विस्कटून गेलंय. मागच्या आठवड्यात कापायच्या मशीनवर अपघात झाला. आमचा कापणारा, सव्वीस वर्षं त्याच पात्याखाली कागद सारणारा माणूस, त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापासून गेलं. तीनशे पुस्तकांचा गठ्ठा रक्तानं भिजला. फरशी दोनदा धुतली, तरी मला तिथून जाववत नाही.

मालकांनी खोलीत बोलावून विचारलं, झालं कसं? मी सुपरवायझर, उत्तर मलाच द्यायचं. मी म्हटलं, त्याचं लक्ष उडालं. ते म्हणाले, कशानं? मग सांगावं लागलं. मशीनच्या जवळच शिलाईचं टेबल आहे. छापलेल्या पानांच्या घड्या दोऱ्यानं एकत्र शिवायचं काम तिथे चालतं. खिडकीखाली एक मुलगी बसते. वाकून काम, गळा मोकळा, बाह्या वर सारलेल्या. तिला त्याचं काही वाटत नाही, पण पुरुष शेवटी पुरुषच. हात पात्याखाली आणि डोळे भलतीकडे, मग दुसरं काय होणार?

मालकांनी ठरवलंय, एक फेब्रुवारीपासून दहाही बायकांनी कामावर डगला घालायचा. ढगळ, गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत, जाड राखाडी कापडाचा. शिवायला मी तुझं नाव सुचवलं. घरचंच काम समज. कापडाचे तागे उद्या निघतील.

तुझा,
बारक्या

७ जानेवारी

चि. बारक्यास (आता फक्त नावाचाच बारका), आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हातातली सुई खाली ठेवली. उजव्या हाताचं पहिलं बोट! आमच्या धंद्यात ते गेलं की माणूस संपला. त्या बिचाऱ्याला माझ्याकडून विचारल्याचं सांग.

डगल्यांचं म्हणशील तर मला पटलं. हल्लीच्या मुलींना कुणी काही सांगत नाही आणि सांगितलं तर त्या ऐकत नाहीत. माझ्याकडे कपडे टाकायला येतात, गळा आणखी एक इंच उतरवा म्हणतात. मी म्हणते, बाई, मी उतरवते, पण वाऱ्यानं पडसं झालं तर माझ्याकडे येऊ नकोस. बाईनं आपलं आपण जपावं. मी तीस वर्षं मान खाली घालून रस्त्यानं गेले, कुणाची वर बघायची टाप नव्हती. त्या मुलीला एवढंच कुणी समजावलं असतं, तर एका माणसाचा हात शाबूत राहिला असता.

बाह्या मनगटाशी आवळून देते, नाहीतर दिवसभर खळीत बुडतील. दहाही जणींची मापं पाठव. आणि हे बघ, मापं नीट पाठव. मागे तुझ्या त्या शेजाऱ्यानं नुसती उंची लिहून पाठवली, सदऱ्याची पिशवी झाली आणि बोल मला लागला. अर्धवट मापं आली तर तागे आल्या पावली परत येतील, सांगून ठेवते.

ताई

१० जानेवारी

प्रिय ताई,

तुझा दम मिळाला. सोबत कागद जोडलाय, दहाही जणींची मापं आहेत. नावांपेक्षा कामावरून लिहिली, म्हणजे तुझा गोंधळ नको: घडीवाल्या मावशी, खळवाली, पुठ्ठेवाली, अशी. दहावी खिडकीवाली.

या खिडकीवालीनं वेगळाच ताप करून ठेवलाय. डगला घालणार नाही म्हणते. सगळ्यांसमोर म्हणाली, 'बोट माझ्या गळ्यानं कापलं का?' तोंडाची फटकळ आहे. मालकांनी सांगून टाकलं, पहिल्या तारखेला डगला नाही तर काम नाही. घरात आई अंथरुणाला खिळलेली, कमावणारी ती एकटीच, तरी ताठा बघ. मी तिच्या बऱ्यासाठीच सांगायला गेलो, तर काम चालू ठेवून माझ्याकडे पाठ फिरवली.

कापणारा परत आलाय. हाताला फडकं गुंडाळून घड्या घालायला बसतो. शिवायला लाग, दिवस थोडे आहेत.

बारक्या

१३ जानेवारी

बारक्या,

तागे पोचले. कापायला घेण्याआधी मापांचा कागद समोर ठेवला आणि दोन दिवस झाले, कात्री चाललेली नाही.

पहिल्या नऊ बायकांची दोन-दोन मापं आहेत. उंची आणि छाती. ढगळ डगल्याला तेवढी पुरतात. आकडेही सगळे कसे गोल: चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस. बायका एकमेकींची मापं घेतात तेव्हा असंच होतं, हसत हसत, वरच्या आकड्याला. मग दहावी येते. तिची अकरा मापं आहेत. मान, मानेपासून कंबर, दंड, मनगट सव्वापाच. आणि शेवटी तुझ्या अक्षरात: 'डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली.'

मी पस्तीस वर्षं मापं घेतेय. अर्ध्या इंचानं उतरलेला खांदा टेपला सापडत नाही. तो पाठीमागे उभं राहून बघितला तरच दिसतो. तोही एका दिवसात नाही. माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचा खांदा असा आहे, हे मला तिसऱ्या कपड्याला कळलं, आणि माझा तो धंदा आहे.

तू न मोजता पानाची लांबी-रुंदी सांगतोस, त्याचं मला कौतुक होतं. नजर तयार आहे तुझी. म्हणून सरळ विचारते, सरळ सांग. ही मापं कुणी घेतली?

ताई

१६ जानेवारी

ताई,

तू शिवणकाम करतेस की पोलिसात भरती झालीस? अर्धवट मापं पाठवू नकोस म्हणून तूच झापलंस. जास्त पाठवली तर त्यातही खोट! घडीवाल्या मावशींनी टेप लावून घेतली, मी फक्त उतरवून काढली. झालं समाधान?

इथे माझी काय अवस्था आहे, तुला कल्पना नाही. मालक रोज विचारतात, डगले कुठपर्यंत आले? बायका कुजबुजतात. मी आत गेलो की गप्प होतात. या वयात माझ्यावर ही वेळ आणू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे तूच मला शिकवलंस. विषय वाढवू नकोस, शिवायला घे.

बारक्या

१७ जानेवारी

खिडकीपाशी बसणाऱ्या मुलीस,

तू मला ओळखत नाहीस. मी तुमच्या सुपरवायझरची थोरली बहीण. तुमचे डगले शिवायला माझ्याकडे आलेत. घडीवाल्या मावशी माझ्या जुन्या गिऱ्हाईक, म्हणून हे पत्र त्यांच्या पाकिटातून पाठवतेय. तुझ्या हातात बंदच पडेल.

मला दोनच गोष्टी सांग. माझ्याकडे तुझी अकरा मापं लिहून आलीत, ती कुणी टेपनं घेतली का? आणि त्या दिवशी मशीनवर काय झालं?

मला उत्तर देणं तुला भाग नाही. माझ्या भावाला मी हातावर वाढवलंय, हे आधीच सांगते, म्हणजे कुणाला लिहितेस ते तुला ठाऊक असावं.

२१ जानेवारी

ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तुम्ही त्यांच्या बहीण आहात हे लपवलं नाहीत, म्हणून उत्तर देतेय.

माझी मापं कुणीच घेतली नाहीत. मी डगला घालणार नव्हते, तर मापं कशाला देऊ? मावशींना विचारलं, त्यांनी टेप हातातही धरली नव्हती. माझी मापं कागदावर आहेत हे तुमच्याकडून कळलं. ते कळल्यावर मी उठून हात धुऊन आले. का, ते मला सांगता येणार नाही.

आता मशीनचं. आमचं मशीन जुनं आहे, त्याला दोन माणसं लागतात. एक जण पात्याखाली गठ्ठा सरळ करतो. हात बाहेर काढून तो 'घे' म्हणाला, की दुसऱ्यानं दांडा ओढायचा. कापणाऱ्या काकांची पाठ माझ्या टेबलाकडे असते. मला बघायचं तर त्यांना मान मोडून घ्यावी लागेल. दांडेवाल्याचं तोंड माझ्याकडे असतं. त्या दिवशी दांडेवाला आला नव्हता. दांड्यावर तुमचे भाऊ होते.

काका 'घे' म्हणालेच नव्हते. किंकाळी ऐकून मी वर पाहिलं. सगळी खोली मशीनकडे बघत होती. तुमचे भाऊ तेव्हाही माझ्याकडे बघत होते. हात दांड्यावर होता.

हे मी आधी का बोलले नाही, असं तुम्ही म्हणाल. बोलून बघा. पहिला प्रश्न येतो, तो तुझ्याकडे बघत होता हे तुला कसं कळलं, म्हणजे तूही बघत होतीस. काकांनी परवा मला जिन्यात गाठलं. म्हणाले, 'पोरी, माझं नाव पुढे करून तुला बोल लावतायत, मला कळतंय. पण मी तोंड उघडलं तर काम जाईल. नऊ बोटांच्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करेल?' त्यांचा मला राग येत नाही.

माझ्या कपड्यांबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. महिनाभर त्यावर सगळ्यांचं बोलून झालंय.

पहिल्या तारखेनंतर मी इथे नसेन. दुसरीकडे विचारून ठेवलंय, पण शिलाईचं काम आता फार ठिकाणी उरलेलं नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुमचा डगला चांगलाच झाला असता, यात शंका नाही.

शिलाई टेबलावरची

२३ जानेवारी

बारक्या,

दांड्यावर कोण होतं?

मला कळलंय. तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय. पहिल्या पत्रात लिहिलंस, हात पात्याखाली आणि डोळे भलतीकडे. हात एकाचे होते आणि डोळे दुसऱ्याचे, एवढंच गाळलंस. बोट त्याचं गेलं, काम तिचं जाणार, आणि तू सुपरवायझर. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती पण एकाला नाही, दोघांना. आणि फाशीचे दोर वळायला मी!

मला रात्रंदिवस तुझाच राग येतो असं समजू नकोस. अर्धा माझाच येतो. तू सोळा वर्षांचा होतास तेव्हा समोरच्या घरातली आई माझ्याकडे आली होती. तुमचा मुलगा आमच्या मुलीच्या खिडकीत टक लावून बसतो, म्हणाली. मी काय केलं? त्या खिडकीला जाड पडदा शिवून दिला, फुकट. वर त्या मुलीलाच सांगितलं, दिवा लागला की ओढून घेत जा. तुला एक शब्द बोलले नाही. तुला कळलंही नसेल. आईविना पोर, त्याला कशाला लाजवा, असं मला वाटलं. पडदा उत्तम झाला होता. तुझा कान पिळायचा होता, तो राहून गेला, आणि तो आता अठ्ठेचाळीस वर्षांचा झालाय.

आणि मी मान खाली घालून चालले म्हणून कुणाची टाप नव्हती असं जे लिहिलं, ते खोडून टाक. मान खाली होती, म्हणून कोण बघतंय ते मला दिसलं नाही, एवढंच.

तिच्या जागी तुझी मुलगी असती तर, असलं मी म्हणणार नाही. ती तुझी कुणी नाही. कुणी नसली तरी माणूस आहे, आणि कामाला आलीय.

तागे परत पाठवतेय. कात्री लावलेली नाही. मालकांना जाऊन सगळं सांग, पहिल्या तारखेच्या आत.

ताई

२५ जानेवारी

ताई,

पाया पडतो, हे कुणाला दाखवू नकोस.

हो, मी होतो दांड्यावर. पण मी मुद्दाम केलं का? मी तिला कधी हात लावला? एक वावगा शब्द बोललो? घडीवाल्या मावशींना विचार. बावीस वर्षांत माझ्याविरुद्ध एक तक्रार नाही. नुसतं बघितलं गं. बघण्यावर काय माणसाचा ताबा असतो? समोर असलं की नजर जाते. कापणाऱ्याला मी सांभाळून घेतलंय, त्याला घड्यांच्या टेबलावर कायम ठेवणार आहे. मुलगी तरुण आहे, तिला कुठेही काम मिळेल. मला या वयात कोण देईल? मुलीचं लग्नाचं बघायचंय. घरी बायकोला काय सांगू?

एकदाच पदरात घे.

बारक्या

२६ जानेवारी

बारक्या,

नुसतं बघितलंस. आणि नुसता दांडा ओढलास.

नजर जाते, हे मला मान्य. गेलेली परत आणायची कुणी? तिनं? ती मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती, आणखी किती खाली घालायची?

एकतीस तारखेला मी बाइंडिंगखान्यात येते. मालकांच्या खोलीबाहेर बसून राहीन. त्याआधी तू आत जाऊन आला असशील, तर आपण सोबत घरी जाऊ. नसशील, तर मी आत जाईन. पदरात मी तुला फार वर्षं घेतलं, आता जागा नाही.

ताई

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

परवा घरी येताना तू रस्ताभर काही विचारलं नाहीस. बरं झालं. विचारलं असतंस तर मी निम्मंच सांगितलं असतं. म्हणून आज लिहून काढतोय.

आधी बातम्या. डगले रद्द. ती आहे तिथेच आहे. कापणाऱ्याच्या अपघाताच्या कागदावर आता माझं नाव आहे, आणि त्याचं काम जाणार नाही असं मालकांनी त्याला लिहून दिलंय. मी सुपरवायझर राहिलो नाही. तळघरात पुठ्ठे मोजायला बसतो. घरी सांगितलं. बायको अजून बोलत नाही, मुलगी बोलते, पण माझ्याकडे बघत नाही. तिचं ते न बघणं मला फार लागतं.

काल खिडकीवालीच्या, नाही, शिलाई टेबलावरच्या मुलीकडे माफी मागायला गेलो. सगळं पाठ करून गेलो होतो. दोन वाक्यं झाली असतील, तोवर ती म्हणाली, 'बाजूला व्हा, उजेड अडतोय.' मी बाजूला झालो. तिनं सुई ओवली आणि कामाला लागली. बाकीच्या नऊजणी ऐकत होत्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता खोलीतलं. तू बाहेर बाकावर बसली होतीस, तुला आवाज आला नसेल. मी मालकांना सगळं सांगितलं. दांड्यावर मी होतो. 'घे' म्हणायच्या आधी ओढला. कापणाऱ्यावर मी ढकललं. मला वाटलं, झालं, आता ओरडतील, हाकलतील, आणि मी सुटेन.

ते ओरडले नाहीत. पेपरवेट फिरवत त्यांनीच मला वाट काढून दिली. म्हणाले, 'म्हणजे मूळ मुद्दा तोच राहिला ना? बघणारा तुम्ही असा नाहीतर तो असो. ती नीट झाकून बसली असती, तर तुमची नजर गेली नसती आणि बोट वाचलं असतं. चूक दोघांचीही धरू. डगले करूनच टाकू.'

ताई, नुसती मान हलवायची होती. सुपरवायझरकीही कदाचित टिकली असती. महिनाभर मी स्वतःशी तेच म्हणत होतो, मालकांना तेच सांगितलं होतं, तुलाही तेच लिहिलं होतं, गळा मोकळा, बाह्या वर सारलेल्या. इतक्या वेळा सांगितलं की मला ते दिसायलाही लागलं होतं. तोंडापर्यंत 'हो' आलं.

मग मी म्हणालो, 'नाही. त्या दिवशी हीटर बंद होता. सगळे गारठले होते. ती आल्यापासून कोटातच होती. गुडघ्यापर्यंत कोट, गळ्यापर्यंत बटणं, वर मफलर, डोक्याला टोपी. फक्त बोटं दिसत होती.'

मालकांनी पेपरवेट खाली ठेवला. म्हणाले, 'मग तुम्ही बघत काय होतात?'

मी म्हणालो, 'तिलाच.'

त्यांनी डगल्यांचा कागद ओढून त्यावर काट मारली आणि मला जायला सांगितलं.

बारक्या